कोरडे नळ

ताई कामावरून घरी आली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसले होते आणि सिंकखालचा सगळा पाइप त्यांच्यापुढे वर्तमानपत्रावर पसरलेला होता. नट एका ओळीत, वॉशर दुसऱ्या ओळीत, वाकडा तुकडा बाजूला. मांडणी अशी की हार्डवेअरवाल्यानंही मान डोलवावी. फक्त त्यातलं काय कशाला लागतं, ते बाबांना आता सांगता येत नव्हतं.

"झालंच," ते म्हणाले. "तू हात धू, तोवर बसवतो."

ताईनं सवयीनं सिंकचाच नळ सोडला. पाणी वरच्या भोकातून सरळ बाबांच्या मांडीवर. ते दचकून तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाणी आलं कुठून, हेच त्यांना समजत नव्हतं.

याच माणसाला सगळी इमारत 'डॉक्टर' म्हणायची. उभी हयात त्यांनी कारखान्यात लेथवर घालवली आणि संध्याकाळी घरी आले की कुणाचा ना कुणाचा निरोप ठरलेला: डॉक्टर, आमचा नळ गळतोय. डॉक्टर पान्या-पकडींची पेटी उचलून जायचे आणि नळाच्या मालकाला चार खडे बोल सुनावून, चहा पिऊन परत यायचे. आई गेल्यावर घरात ते आणि ताई दोघंच उरले. धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा आणि बायकोमुलांसह शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा. गेल्या वर्षी बाबा आधी नावं विसरू लागले, मग न्हाव्याकडून घरी यायची वाट. आता हे. त्यांच्या हातांना उघडायचं पक्कं आठवत होतं, जोडायचं मात्र पुसून गेलं होतं.

ताई पडद्यांच्या दुकानात कापड मापून कापायची. नळांचं तिला काही येत नव्हतं, पण येतं असं वाटत होतं. लहानपणापासून बघितलेलं की! बाबा दुरुस्तीला बसले की धाकट्याच्या हातात पाना असायचा आणि तिच्या हातात बॅटरी. "सरळ धर, डोळ्यात नको मारू," एवढंच तिला शिकवलं गेलं होतं. तरी त्या संध्याकाळी तिनं बाबांना उठवलं, कोरडे कपडे दिले आणि स्वतः सिंकखाली शिरली. अंदाजानं सगळं जोडलं. एक नट तिरका बसत होता, तो तिनं दात-ओठ खाऊन आवळला.

सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. "ताई, माझ्या ओट्यावर पाऊस पडतोय. छत्री घेऊन स्वयंपाक करू का?"

काकू विनोदी बाई, आणि चांगल्या मनाच्या. पण पुढच्या वेळी त्यांनाही विनोद सुचला नाही. बाबांनी न्हाणीघरातला नळ अर्धवट सैल करून ठेवला होता आणि तो टपटपत होता. ताईनं पाना लावला आणि फिरवला. कुठल्या बाजूला, ते तिलाच ठाऊक नव्हतं. नळाचं डोकं तिच्या हातात आलं आणि पाण्याची धार थेट छताला. तिनं दोन्ही तळवे दाबून धरले, तर पाणी बोटांच्या फटींतून तिच्या तोंडावर. बाबा दारात टॉवेल घेऊन उभे होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "कुणी केलं हे? कुणी केलं?" शेवटी काकू धापा टाकत गच्चीवर गेल्या आणि टाकीचाच कॉक बंद करून आल्या. मग अख्ख्या इमारतीचं पाणी गेलं आणि प्रत्येक मजल्यावरून आरडाओरडा सुरू झाला.

"डॉक्टरांच्या घरात ही तऱ्हा!" वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं. बोलणाऱ्यानं हसत म्हटलं असेल. ताईच्या ते जिव्हारी लागलं.

हार्डवेअरच्या दुकानात एक कागद चिकटवलेला होता: तंत्रशाळेत रविवारी सकाळी घरगुती दुरुस्तीचा वर्ग. ताई जाऊन बसली. शिकवणाऱ्या बाई उंच, खणखणीत आवाजाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी कुणालाही हत्यार धरू दिलं नाही.

"घरी जा," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात पाणी कुठून येतं आणि कुठं बंद होतं, ते शोधा. स्वतःच्या हातानं बंद करून बघा. ते जमत नाही तोवर पान्याला हात लावायचा नाही."

"म्हणजे आज काहीच शिकायचं नाही?" मागून एक गृहस्थ कुरकुरले.

"हेच शिकायचंय. बाकी सगळं यानंतर."

ताईच्या घराचा मेन कॉक दाराबाहेर, पाइपांच्या कोनाड्यात निघाला. वर्षानुवर्षांच्या रंगाखाली तो असा थिजला होता की दोन्ही हातांनी हलेना. पुढच्या रविवारी तिनं बाईंना सांगितलं.

"जोर लावलात तर तुटेल आणि मग रडत बसाल," बाई म्हणाल्या. "तेल सोडा. थोडा इकडे, थोडा तिकडे. आज जेवढा हलेल तेवढाच. रुसलेल्या माणसाशी बोलतो ना आपण, तसं."

ताई रोज दुकानातून आल्यावर चप्पल काढण्याआधी त्या कॉकशी चार शब्द बोलू लागली. एका संध्याकाळी तो करकरला आणि फिरला. आतला नळ बारीक होत होत थांबला. तिला इतका आनंद झाला की ती धावत आत गेली. "बाबा, मेन कॉक फिरला!"

"फिरणारच," बाबा म्हणाले. "कॉक आहे तो."

हळूहळू तिचा हात बसू लागला. उघडताना एकेक भाग डावीकडून उजवीकडे मांडत जायचा आणि जोडताना उलट यायचं. नट आधी बोटांनी फिरवायचा. आटे एकमेकांत नीट बसले की तो लोण्यासारखा जातो. तिरका जात असेल तर तिथंच थांबायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. पाना अगदी शेवटी. बाबा दिवसा सिंक-बेसिनखालचे पाइप उसवायचे, ताई संध्याकाळी शिवायची. काही दिवस तिला त्यात बरंही वाटलं. घरात काहीतरी तिच्या आवाक्यात होतं.

मग एका दुपारी दुकानात इमारतीतून फोन आला. पाणी जिन्यावरून वाहतंय, लवकर या. बाबांनी न्हाणीघरातली जोडणी पाणी चालू असतानाच उघडली होती. ताई पोचली, मेन कॉक बंद केला. तोवर खाली काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताचा भलामोठा पोपडा शेगडीवर कोसळला होता. काकू नेमक्या दार उघडायला बाहेरच्या खोलीत गेल्या होत्या, म्हणून निभावलं.

ताईनं हात जोडले. काकू रागावल्या नाहीत, उलट तिलाच खुर्ची दिली. मग शेगडीवरच्या ढिगाऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "मी तिथंच उभी असते गं. रोज."

त्या एका वाक्यानं ताईची झोप उडवली. रविवारी वर्ग सुटल्यावर ती बाईंजवळ थांबली आणि सगळं सांगितलं. बाई विचार करून म्हणाल्या, "सोपं आहे. तुम्ही बाहेर पडताना मेन बंद करायचा आणि त्याची मूठ काढून बरोबर न्यायची. मग त्यांनी काहीही उघडलं तरी थेंब येणार नाही."

खरंच सोपं होतं. ताई सकाळी बादल्या भरायची, जगमध्ये प्यायचं पाणी ठेवायची, जेवण झाकायची, कॉक बंद करायची आणि मूठ पर्समध्ये टाकायची. दाराला बाहेरून कुलूप घालायला मात्र तिचं मन धजत नव्हतं. दिवसभर कापड कापताना खांद्यावरच्या पर्समध्ये ती लोखंडी मूठ आहे, या विचारानं तिला हायसं वाटे. कितीतरी महिन्यांनी ती दुकानातल्या मैत्रिणींबरोबर मोकळेपणी हसली.

बाबा मात्र वाळत चालले होते. बोटांची सालं निघालेली, नखांत काळं. विचारलं तर काही सांगत नसत. संध्याकाळी तिनं कॉक उघडला की ते उठायचे, एकेक नळ सोडून बघायचे आणि म्हणायचे, "आलं." एवढंच. आजाराची आणखी एक लहर, असं ताईनं मानून घेतलं. मानून घेणं सोयीचं होतं.

एक दिवस जिन्यात काकूंनी तिला अडवलं. "एक विचारू? वाईट वाटून घेऊ नको. दिवसभर वर काय ठोकतात गं ते? थांबतच नाहीत. जेवणाच्या वेळेलाही नाही."

दुसऱ्या दिवशी ताई भर दुपारी रजा टाकून घरी आली. दार सताड उघडं. सिंकचा नळ, बेसिनचा, न्हाणीघरातले, सगळे सुटे करून मांडलेले. बादल्या काठोकाठ भरलेल्या, पाण्याचा जग तसाच, जेवणावरचं झाकणही हललेलं नाही. बाबा नव्हते. तिनं खोल्या बघितल्या, पलंगामागे बघितलं, काकूंना हाक मारली. मग तिला वरून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

बाबा गच्चीवर, टाकीच्या शिडीवर उभे होते. अनवाणी. ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता. एका हातात पाना, दुसऱ्या हातानं शिडी धरलेली, आणि कान टाकीतून निघणाऱ्या पाइपाला लावलेला.

"बाबा, खाली या."

"टाकीत पाणी आहे," ते म्हणाले. ओठ सुकून पांढरे पडले होते. "मी बघितलं. टाकी भरलीय. मग खाली का येत नाही? सगळे नळ उघडून बघितले. वॉशर बघितले. रोज बघतो. संध्याकाळी येतं आणि सकाळी पुन्हा जातं." त्यांचा आवाज फाटला. "माझं काय चुकतंय तेच कळत नाही गं."

ताईच्या खांद्याला पर्स होती, पर्समध्ये मूठ. इतके दिवस हा माणूस उपाशीतापाशी, बोटं सोलून घेऊन, तिनंच केलेला बिघाड शोधत फिरत होता.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "मी बंद केलंय पाणी. मेन कॉक बंद केलाय मी."

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि चक्क हसले. "तू? तुला काय कळतंय त्यातलं? तू बॅटरी धर."

तिनं वाद घातला नाही. शिडीखाली उभी राहून त्यांचा एकेक पाय हातात धरून पायरीवर ठेवत तिनं त्यांना उतरवलं. शेवटच्या पायरीवर त्यांचा तोल गेला आणि ते सगळ्या भारानिशी तिच्या अंगावर आले. भार फारसा नव्हताच.

काकूंनी मीठ-साखरेचं पाणी केलं. डॉक्टर येऊन गेले, खरेखुरे. ऊन लागलंय, विश्रांती द्या, एकटं ठेवू नका, असं म्हणाले. ताईनं धाकट्याला फोन केला. तो टेम्पो घेऊन तसाच आला, अंगावर मालाच्या खोक्यांची धूळ. बाबा आत झोपले होते. तो घरभर पसरलेल्या नळांकडे बघत उभा राहिला.

"ताई, हे असं नाही चालणार. त्यांना कुठंतरी ठेवावं लागेल. अशा जागा असतात, तिथं माणसं असतात बघायला."

"तुझं बरं आहे," ताई म्हणाली. दिवसभराचं सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं. "महिन्यातून एकदा यायचं आणि सल्ला देऊन जायचं. तुला त्यांनी पाना दिला रे. जवळ बसवून सगळं शिकवलं. मला बॅटरी. आणि आता निस्तरायचं कुणी, तर बॅटरीवालीनं!"

"शिकवलं? मला?" धाकटा म्हणाला. "आटे चुकले की त्याच पान्यानं बोटांवर मारायचे ते. विसरलीस? अजून नट हातात घेतला की माझ्या हाताला घाम फुटतो. घरातला बल्ब बदलायला मी शेजाऱ्याला बोलावतो, ताई. बायको हसते." तो खाली बसला. "तू तर तिथंच उभी असायचीस. उजेड धरून."

उभी होती ती. दिसलंही होतं. धाकट्याचा तो ओठ दाबून धरलेला चेहरा, बाबांचा चढलेला आवाज, सगळं तिच्याच उजेडात घडलं होतं. पण इतकी वर्षं तिनं जपून ठेवला होता तो फक्त पाना, तिला न मिळालेला. आत झोपलेल्या माणसावर माया करावी की त्याचा राग धरावा, हे तिला त्या घडीला ठरवता येईना. आणि ज्याच्यावर रागवायचं, तो आता तिथं होता तरी कुठं?

ती उठली आणि म्हणाली, "चल, नळ लावायचेत. तू धर, मी सांगते."

"मला नको सांगू."

"कुणी मारत नाही इथं. आधी बोटांनी फिरव. जोर नको. अडला तर उलटा घे, पुन्हा लाव."

त्यानं सिंकचा नट हातात घेतला. तिरका गेला. त्यानं झटक्यानं हात मागे घेतला, जणू चटका बसला. "उलटा घे," ताई म्हणाली, आपल्या बाईंसारखी, पण हळू आवाजात. दुसऱ्या खेपेला नट सरळ गेला. धाकट्यानं तो शेवटपर्यंत फिरवला, मग उगाचच पुन्हा काढून पुन्हा लावला. आत बाबा झोपेत काहीतरी पुटपुटत होते. दोघांनी मिळून सगळे नळ बसवले. ताईनं बाहेर जाऊन कॉकला मूठ लावली, पाणी सोडलं, आणि दोघं एकेका जोडाखाली बोट फिरवत हिंडले. न्हाणीघरातला एक जरासा ओला होता. तो ताईनं पाव फेरा आवळला.

जाण्याआधी धाकटा दारात घुटमळला. "सकाळी मी येतो त्यांना न्यायला," तो म्हणाला. "टेम्पोत बसतील माझ्याशेजारी. संध्याकाळी तुझ्याकडे सोडीन. बघू किती दिवस जमतंय."

तसं सुरू झालं. काही दिवस बरे जात. बाबा काचेतून रस्ता बघत, समोरच्या गाड्यांना शिव्या घालत, धाकट्यानं दिलेलं मुकाट खात. काही दिवस ते टेम्पोत चढायलाच तयार नसत आणि जिन्यात बसून राहत. एकदा सिग्नलला उतरून गेले. धाकट्याला ते बऱ्याच शोधाशोधीनंतर एका गॅरेजच्या नळापाशी सापडले. त्या दिवशी मालाला उशीर झाला आणि धाकट्याच्या मालकानं त्याला फैलावर घेतलं. त्याची बायको फोनवर ताईशी तुटक बोलू लागली. हे फार दिवस चालणार नाही, हे ताईला कळत होतं, धाकट्यालाही. कुठली जागा कशी आहे याची चौकशी तो करू लागला होता, आणि ती त्याला अडवत नव्हती. फक्त, पाणी बंद करून मूठ घेऊन जायचं तिनं सोडलं होतं. घरात कुणी असताना तर कधीच नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

एका सुट्टीच्या दुपारी बेसिनचा नळ ठिबकू लागला. ताईनं बाबांसमोरच बाहेर जाऊन पाणी बंद केलं, पान्यांची पेटी उघडली आणि वॉशर बदलायला घेतला. बाबा दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. मग म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा."

ताईचा हात थांबला. तिनं वळून बघितलं. ते तिच्याकडे अदबीनं बघत होते, कामाला आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसे.

"कुणाकडे शिकलात?"

"रविवारी वर्ग असतो," ती म्हणाली. "तिथं."

"वा. घरात कुणी नव्हतं का शिकवणारं?"

तिनं ओला जुना वॉशर बोटांत फिरवला. "होते. वडील होते."

"मग?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं साधं कुतूहल होतं. त्या चेहऱ्याला जाब विचारता येत नव्हता.

"राहून गेलं," ती म्हणाली.

"राहतं तसं," बाबांनी मान हलवली. मग आवाज खाली आणून, विश्वासात घेतल्यासारखं म्हणाले, "माझी एक मुलगी आहे. येईलच आता कामावरून. चहा चांगला करते. घेऊनच जा तुम्ही."

"हो," ताई म्हणाली.

तिनं नवा वॉशर बसवला, नळाचं डोकं बोटांनी फिरवत खाली आणलं, शेवटी पाना लावला. बाहेर जाऊन पाणी सोडलं. परत आली तेव्हा बाबा खुर्चीवर बसून दाराकडे बघत होते. ती त्यांच्यासमोरून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.